ड्रायव्हर अपडेट झाला आणि लॅपटॉप मध्येच रिस्टार्ट व्हायला लागला

आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने १, पाहुणे आले की दीड, गावाला गेले की फुली. गेल्या पावसाळ्यात त्या खुणांच्या शेजारी लाल पेनाने वेळा दिसायला लागल्या. 'ब ४.१०', 'ब ९.३५', एका रविवारी तर तीन 'ब'. ब म्हणजे लॅपटॉप बंद. वहिनी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, घटक चाचणीचे पेपर घरी बसून टाइप करतात. तिसऱ्यांदा अर्धा पेपर गेला तेव्हा त्यांनी फोन केला.

"भाऊजी, दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड गेला असेल, नाहीतर फॉरमॅट मारून बघू. तुम्ही एकदा नजर टाकता का?"

मी एका साखर कारखान्याच्या ऑफिसात संगणक सांभाळतो. त्यामुळे घरात प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत काहीही बिघडलं की ते माझ्याकडेच येतं. मी विचारलं, "बंद पडतो की रिस्टार्ट होतो?"

"तेच ते."

तेच ते नाही. सगळी गोम तिथेच आहे, आणि या लेखाच्या शेवटी ती वहिनींच्याच अंगावर आली.

लॅपटॉप मध्येच थांबतो तो तीन तऱ्हांनी. कधी कुणीतरी हुकूम सोडलेला असतो. अपडेट बसवून झालं, तुम्ही जेवायला उठलात, विंडोजने संधी साधून रिस्टार्ट घेतला. ही चीड आणणारी गोष्ट असली तरी बिघाड नाही. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' नावाच्या कामाच्या वेळा भरल्या की ती आटोक्यात येते. दुसरी तऱ्हा अशी की विंडोजला आत काहीतरी भलतं सापडतं, पुढे चालत राहणं धोक्याचं वाटतं, म्हणून ते स्वतःच सगळं थांबवून पुन्हा सुरू होतं. तिसऱ्या तऱ्हेत वीजच तुटते किंवा यंत्र असं गोठतं की विंडोजला काही ठरवायला सवडच मिळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखीच: स्क्रीन काळी, मग कंपनीचं चिन्ह, मग पासवर्ड, आणि सेव्ह न केलेलं काम गेलेलं.

यातली कुठली तऱ्हा आहे हे ओळखायला स्क्रू उघडावा लागत नाही. विंडोज रोजनिशी लिहितं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की जी यादी येते तिच्यात 'इव्हेंट व्ह्यूअर' असतं. त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याच्या पोटात 'सिस्टीम'. उघडल्यावर हजारो ओळी दिसतात आणि निम्म्या लोकांचा धीर तिथेच सुटतो. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे, तिथे आकड्यांच्या रकान्यात फक्त चार आकडे स्वल्पविराम देऊन टाका: ४१, १००१, १०७४, ६००८. (आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी.) हजारांच्या पाच-पंचवीस ओळी होतात.

१०७४ म्हणजे हुकमाने झालेला रिस्टार्ट. कुणी सोडला तेही तिथे लिहिलेलं असतं. ६००८ म्हणजे 'मागच्या वेळी अमुक वाजता मी अचानक बंद झालो'. १००१ म्हणजे विंडोजने स्वतःहून थांबायचा निर्णय घेतला, आणि हे त्याचं कारण. राहिला ४१. याच्यावर 'कर्नल-पॉवर' असं नाव आणि 'क्रिटिकल' असा लाल शेरा असतो, म्हणून तो बघितला की लोक चार्जर बदलायला धावतात. ४१ बिचारा एवढंच सांगतो की मागच्या खेपेला मला नीट बंद केलं नव्हतं. सकाळी उठल्यावर दार सताड उघडं सापडावं, तसं. चोर आला की रात्री कुणी कडी लावायला विसरलं, हे त्या दारावरून कळत नाही. त्यासाठी त्याच ओळीच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'बगचेक कोड' समोरचा आकडा बघायचा. शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवताच आलं नाही, म्हणजे वीज तरी गेली, यंत्र तरी गोठलं. शून्य नसेल तर विंडोजने स्वतः कारण दिलेलं आहे.

वहिनींच्या लॅपटॉपवर ४१ च्या नऊ ओळी होत्या. आठांत आकडा २७८. नववीत शून्य. ती शून्यवाली मी तेव्हा बाजूला ठेवली.

आता २७८ म्हणजे काय? हे कोड नेटवर शोधायचे तर सोळाच्या पायात (म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या हेक्साडेसिमल पद्धतीत) शोधावे लागतात, आणि ४१ च्या ओळीत ते आपल्या नेहमीच्या दहाच्या पायात छापलेले असतात. बरेच जण इथे फसतात: २७८ शोधतात आणि भलत्याच पानावर जातात. मी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत वहिनींनी दुधाच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात गणित मांडलं होतं. २५६ एकदा, उरले २२. त्यात १६ एकदा, उरले ६. एक, एक, सहा. ११६.

११६ चं नाव 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर'. म्हणजे संशय ग्राफिक्सवर. मदरबोर्डवर नाही.

हे सुरू कधी झालं ते मग बघितलं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढं टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' वर येतं. विंडोजमधली ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित खिडकी असं माझं मत आहे. हेही एक कॅलेंडरच. दिवसागणिक उभे पट्टे, बिघडलेल्या दिवसावर लाल फुली, काही नवीन बसवलं त्या दिवशी निळी खूण, आणि वरून १ ते १० मध्ये फिरणारी एक रेघ, यंत्राची तब्येत दाखवणारी. वहिनींची रेघ महिनाभर दहाला चिकटून होती. एका बुधवारी निळ्या खुणा, गुरुवारी पहिली लाल फुली, आणि तिथून रेघ घसरगुंडीवर. भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी धरलं. पहिला 'ब' गुरुवारचाच.

बुधवारच्या निळ्या खुणांवर टिचकी मारली तर तीन नोंदी: ग्राफिक्सचा ड्रायव्हर, वाय-फायचा ड्रायव्हर, आणि विंडोजचं महिन्याचं अपडेट. तिन्ही एकाच दिवशी. माझी तक्रार इथेच असते. एकेक आलं असतं तर संशयित एकच राहिला असता.

पण ड्रायव्हर हे आहे तरी काय, आणि एका ड्रायव्हरची चूक सगळ्या यंत्राला का भोवते? ब्राउझर बिघडला की ब्राउझर बंद पडतो, लॅपटॉप नाही. मग ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं एवढं काय?

पंगत डोळ्यांसमोर आणा. तुम्ही वापरता ती प्रत्येक गोष्ट, वर्ड, ब्राउझर, व्हिडिओ, ही पानावर बसलेली माणसं. प्रत्येकाच्या पानात स्वतःची वाटी. एकाच्या वाटीत माशी पडली तर वाटी बदलून देतात, पंगत चालू राहते. ड्रायव्हर हा पंगतीत बसत नाही, तो आत चुलीपाशी असतो. स्क्रीन, वाय-फाय, डिस्क, कीबोर्ड या प्रत्यक्ष वस्तूंशी बोलायचं काम त्याचं, म्हणून त्याला आत घ्यावंच लागतं. आत मात्र वाट्या नसतात. एकच मोठं पातेलं, सगळ्या ड्रायव्हरांचं आणि विंडोजच्या गाभ्याचं मिळून. त्या पातेल्यात पाल पडली असं कळलं की कुठला आचारी चव घेऊन ठरवत बसत नाही. सगळं ओतून द्यायचं आणि नव्याने आधण ठेवायचं.

विंडोज नेमकं तेच करतं. गाभ्याच्या मेमरीत कुणीतरी चुकीच्या जागी हात घातला एवढं कळलं की कुठला आकडा शाबूत आणि कुठला बिघडलेला हे सांगता येत नाही. तसंच पुढे चालू ठेवलं तर तो बिघडलेला आकडा डिस्कवर लिहिला जाईल आणि तुमची फाइल कायमची जाईल. म्हणून ते थांबतं, शेवटची अवस्था एका फाइलीत टाकतं आणि रिस्टार्ट होतं. निळी स्क्रीन म्हणतात ती ही. (२०२५ मध्ये विंडोज ११ वर तिचा रंग काळा केला, पण आपण निळीच म्हणणार.) ती दोन-चार सेकंदच दिसते आणि माणूस नेमका तेव्हा चहाला उठलेला असतो, म्हणून त्याला वाटतं की लॅपटॉप उगाच रिस्टार्ट झाला. ती टिकून राहावी असं वाटत असेल तर 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'वरची खूण काढा. पुढच्या वेळी स्क्रीन तशीच उभी राहील, निवांत फोटो काढता येईल.

टीडीआरची (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, म्हणजे अडकलंय हे ओळखून सावरणं) गोष्ट थोडी वेगळी, आणि मला आवडणारी. विंडोज ग्राफिक्सच्या चिपला काम देतं आणि दोन सेकंद वाट बघतं. दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर चिप अडकली असं धरून तिला आणि तिच्या ड्रायव्हरला तेवढ्यापुरतं झटकून पुन्हा उभं करतं. व्हिडिओ बघताना स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, ती हीच वेळ. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे, त्याआधी ग्राफिक्स अडकला की यंत्र तसंच पडून राहायचं. पण झटकूनही ड्रायव्हर उभा राहिला नाही, किंवा मिनिटाच्या आत पुन्हा पुन्हा अडकत गेला, तर विंडोज हात टेकतं. तेच ११६. मी वहिनींना विचारलं की बंद पडण्याआधी स्क्रीन लुकलुकायची का? "हो की! मला वाटलं व्होल्टेज."

नवा ड्रायव्हर जुन्यापेक्षा वाईट कसा असू शकतो, हा प्रश्न वहिनींच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, भाजी निवडता निवडता विचारला. उत्तर असं की तो वाईट असतोच असं नाही, तो दुसऱ्याच्या मापाचा असतो. चिप बनवणारी कंपनी एक, लॅपटॉप बनवणारी दुसरी. एकच चिप शेकडो मॉडेलांत बसते आणि प्रत्येक मॉडेलवाला वीज वाचवायची, झोपायची-उठायची, पंखा फिरवायची रीत आपापली बसवतो. लॅपटॉपवाल्याच्या साइटवरचा ड्रायव्हर त्या मॉडेलवर बसवून बघितलेला असतो, पण जुना असतो. चिपवाल्याचा नवा असतो, पण रेडिमेड. त्यात वहिनींच्या लॅपटॉपसारख्या यंत्रात ग्राफिक्सच्या चिपा दोन: एक प्रोसेसरच्या पोटातली, रोजच्या कामाची, दुसरी वेगळी, ताकदीची. दोघींनी एकमेकींकडे काम सोपवायचं असतं. एकीचा ड्रायव्हर नवा आणि दुसरीचा जुना झाला की या देवघेवीत अडखळायला जागा होते.

आणखी एक गंमत, कारण हिने मला पहिल्या वर्षी पुरतं फसवलं होतं. ड्रायव्हरची तारीख बघून तो नवा की जुना हे ठरवू नका. विंडोजसोबत येणाऱ्या पुष्कळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ अशी तारीख असते, लॅपटॉप काल घेतलेला असला तरी. ती मुद्दाम मागची ठेवली आहे, म्हणजे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आला की बरोबरीच्या लढतीत तो जिंकावा. इंटेलच्या चिपसेटच्या काही नोंदींवर तर १८ जुलै १९६८ दिसतं. तो इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. मी ते बघून व्हायरस शिरला असं समजलो होतो. आवृत्तीचा आकडा बघायचा, तारीख सोडून द्यायची.

तर दोन चिपांपैकी कुठली? विंडोज थांबताना जी फाइल टाकतं ती सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' नावाच्या फोल्डरात असते. ती उघडायला मायक्रोसॉफ्टचं 'विनडीबग' आहे, आणि ज्यांना ते डोईजड वाटेल त्यांना 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' नावाचं फुकट, छोटं साधन पुरतं. ते थेट सांगतं की पडताना कुठल्या ड्रायव्हरची फाइल चुलीपाशी सापडली. दोन इशारे मात्र. 'एनटीओएस' ने सुरू होणारं नाव दिसलं तर तो विंडोजचा गाभा, म्हणजे फिर्यादी. त्याला आरोपी धरू नका. आणि एका फाइलीवरून निकाल देऊ नका. पाचपैकी पाचांत एकच नाव आलं तर खात्री बाळगा. दर वेळी नवं नाव आलं तर ड्रायव्हरांना सोडा, रॅम तपासा. खराब रॅम कुणाच्याही नावावर पाल टाकते. वहिनींच्या आठही फाइलींत एकच नाव होतं, वेगळ्या चिपच्या ड्रायव्हरचं.

दुकानवाल्याच्या 'फॉरमॅट मारू' बद्दल इथेच सांगतो. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं, इंटरनेट जोडलं, की थोड्याच वेळात अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं. तुमचे फोटो गेले, सेटिंग्ज गेली, हजार-पाचशे गेले, आणि पाल पातेल्यातच.

खरा उपाय दहा मिनिटांचा. स्टार्टवर राइट क्लिक, 'डिव्हाइस मॅनेजर', 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स'. दोन नावांपैकी ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर'. विंडोज विचारतं, का मागे जाताय? कुठलंही एक कारण निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. स्क्रीन दोनदा मिचमिचते आणि जुना ड्रायव्हर जागेवर येतो. रोल बॅकचं बटण फिकट, न दाबता येणारं असेल तर आधीचा ड्रायव्हर त्याला सापडलेला नाही. तरी त्याच खिडकीत 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट' असं गेलात तर कधी कधी जुन्या आवृत्त्या यादीत बसलेल्या दिसतात. तिथेही नसेल तर लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल नंबर घेऊन लॅपटॉपवाल्या कंपनीच्या साइटवर जा आणि तिथला उतरवून घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. आपल्याला एक काटा काढायचाय, ते दहा रुतवतात.

यानंतर रिस्टार्ट करा. शटडाउन नको. हे लोकांना उलटं वाटतं, पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. शिळं पातेलं झाकून ठेवल्यासारखं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं घासून-पुसून नव्याने चढतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी वहिनींचा वाय-फायचा ड्रायव्हर हात न लावता तसाच ठेवला, महिन्याचं अपडेटही काढलं नाही. तिन्ही मागे घेतली असती तरी लॅपटॉप बरा झाला असता, पण कुठल्या औषधाने ते कळलं नसतं.

चार दिवस कॅलेंडर कोरं राहिलं. पाचव्या दिवशी फोन. "भाऊजी, ब."

रोल बॅक केलेला ड्रायव्हर अपडेटने पुन्हा पुढे ढकलला होता. ही अर्धवट राहिलेली शस्त्रक्रिया आहे आणि चूक माझी. अपडेटच्या दृष्टीने जुना ड्रायव्हर म्हणजे राहून गेलेलं काम. तेव्हा रोल बॅकनंतर लगेच 'विंडोज अपडेट'मध्ये 'पॉज' दाबायचं, ते जास्तीत जास्त पाच आठवडे थांबतं. 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' नावाची एक छोटी खिडकी आहे, तिथे 'नो' निवडलं तर ड्रायव्हर आपोआप येण्याला बऱ्याच अंशी आळा बसतो. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये अपडेटसोबत ड्रायव्हर घेऊच नका असं बजावता येतं, घरगुती होम आवृत्तीत ती सोय नाही. पाच आठवड्यांत पुष्कळदा सुधारलेला ड्रायव्हर येतो. सुरक्षेची अपडेट्स त्याहून जास्त दिवस अडवून ठेवू नयेत. कारखान्यात मी हंगाम सुरू व्हायच्या आधीच सगळी अपडेट्स उरकतो. उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना वजनकाट्याचा संगणक रिस्टार्ट झाला तर काय ऐकावं लागतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक.

लॅपटॉप इतका वारंवार पडत असेल की डिव्हाइस मॅनेजरपर्यंत पोचताच येत नाही, तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', आणि शेवटी ४. सेफ मोडमध्ये विंडोज बाहेरच्या आचाऱ्यांना आत घेत नाही, घरातले मोजके ड्रायव्हर घेऊन काम भागवतं. तिथे लॅपटॉप तासभर शांत राहिला तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का. पण त्याआधी एक काम न चुकता करा: बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली शोधून कागदावर लिहा. आताच्या अनेक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. सेफ मोडच्या वाटेवर यंत्र ती मागू शकतं, आणि तेव्हा ती दुसऱ्या मोबाइलवर शोधत बसणं म्हणजे लग्नाच्या दिवशी मंगळसूत्र शोधणं.

१९ जुलै २०२४ ला हे जगाने एकदम अनुभवलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक ड्रायव्हर जगभरच्या ऑफिसांतल्या यंत्रांवर गाभ्यात बसलेला होता. त्या दिवशी तो ड्रायव्हर बदलला नव्हता, तो वाचतो ती एक माहितीची फाइल बदलली होती. त्यात दोष निघाला, ड्रायव्हरने नको त्या जागी हात घातला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं पडत-उठत-पडत राहिली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय आपल्यासारखाच होता: सेफ मोड, ती एक फाइल पुसा, रिस्टार्ट. फक्त प्रत्येक यंत्रापाशी माणसाला जावं लागत होतं, आणि हजारो ठिकाणी अडलं ते त्या ४८ अंकांवरच.

प्रत्येकाचा आकडा ११६ निघेल असं नाही. झाकण मिटून उघडल्यावर रिस्टार्ट होत असेल आणि ४१ मध्ये १५९ असेल, म्हणजे सोळाच्या पायात ९एफ (तिथे दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात), तर कुठला तरी ड्रायव्हर झोपेतून उठत नाहीये. वाय-फाय किंवा ग्राफिक्सपासून सुरुवात करा. २०९ म्हणजे डी१: ड्रायव्हरने भलत्या वेळी भलत्या जागी हात घातला, फाइलीत नाव बहुधा मिळतंच. ३०७, म्हणजे १३३, असेल तर डिस्कचा ड्रायव्हर किंवा एसएसडीचं फर्मवेअर (डिस्कच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम) बघा. आणि २९२, म्हणजे १२४, दिसला तर थांबा. तो हार्डवेअरने स्वतः केलेला आरडाओरडा असतो: उष्णता, प्रोसेसर, वीज. तिथे दुकानवाल्याकडे जाण्यात कमीपणा नाही. तरी शंका असेल तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) सुरू करून दोन तास व्हिडिओ लावून ठेवा. तिथेही पडला तर विंडोजच्या ड्रायव्हरांना उगाच बोल लावू नका.

आता ती नववी ओळ, शून्यवाली.

दुसऱ्यांदा रोल बॅक आणि पॉज केल्यावर तीन आठवडे कॅलेंडरवर फक्त दूध होतं. मग पुन्हा एक ब, ४.१०. मी गेलो तेव्हा वहिनींचा चेहरा बघण्यासारखा होता. लॉग उघडला. ४१, बगचेक शून्य. मिनीडंपमध्ये नवी फाइल नाही. ६००८ म्हणतो, मागचं बंद होणं दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी. आणि ४१ ची स्वतःची वेळ ४.२६. ४१ ची ओळ यंत्र परत सुरू होताना लिहिली जाते, बंद पडताना नाही. स्वतःहून रिस्टार्ट होणाऱ्या लॅपटॉपला परत यायला फार तर मिनिट-दोन मिनिटं लागतात. हा सोळा मिनिटं मेलेला होता.

"चार ते सव्वाचारला काय करत होता?"

"दूध तापत होतं म्हणून उठले, लॅपटॉप उचलून ओट्यावर ठेवला. परत येऊन बघते तर बंद."

"मग चालू कुणी केला?"

"मीच. बटण दाबून."

म्हणजे तो रिस्टार्ट झालाच नव्हता. ओट्यावर नेताना चार्जरची पिन निसटली होती. बॅटरी ३४ टक्के दाखवत होती. विंडोजला बॅटरीचा अहवाल मागता येतो: कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवर, त्याला जोडून सीएफजी ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि बॅटरीरिपोर्ट हा शब्द. एक पान तयार होतं, त्यात नवी असतानाची क्षमता आणि आताची भरलेली क्षमता शेजारी शेजारी असतात. वहिनींच्या बॅटरीची दुसरी संख्या पहिलीच्या निम्म्याहून कमी भरली. अशा बॅटरीचे टक्के नावापुरते असतात, भार पडला की ३४ वरून थेट खाली. नऊ वेळा ड्रायव्हरने पाडला होता, आणि दोनदा बॅटरीने.

वहिनींनी कॅलेंडरवरचा तो ४.१० चा ब खोडून तिथे 'मी' असं लिहिलं. नवी बॅटरी दिवाळीच्या पगारात घ्यायची ठरली आहे. तोवर चार्जरची वायर दुधाच्या पिशवीच्या रबरबँडने लॅपटॉपच्या बिजागरीला अडकवलेली असते, आणि दूध तापायला ठेवलं की आई बाहेरून ओरडते, "पेपर सेव्ह केलास का गं?"